धागा: 'लाउडली'ला पर्याय सुचवा (नववीचं इंग्रजी पत्रलेखन, विषय लॉन्सचा आवाज)

पाथर्डीची_ताई
नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे, सेमी-इंग्रजी. बाईंनी पत्र लिहायला दिलंय, परिसरातल्या आवाजाच्या त्रासाबद्दल पोलीस निरीक्षकांना इंग्रजीत तक्रार. विषय शोधायला लांब जायला नको, आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागूनच एक लॉन्स आहे. लग्नसराईत आधी वरातीचा बँड, मग डीजे, मग पाहुण्यांच्या गाड्यांचे हॉर्न. सगळं आटोपलं, आता झोपावं म्हटलं की केटरिंगवाली पोरं पातेली टेम्पोत आदळायला लागतात. त्या आवाजाने गल्लीतली कुत्री उठतात.

तिने पहिल्यांदा लिहिलं त्यात सगळंच 'लाउडली' होतं. डीजे लाउडली, कुत्री लाउडली, हॉर्न लाउडली. बाईंचा लाल शेरा आला की वेगवेगळी क्रियाविशेषणं वापर. मग तिने मोबाइलवर यादी शोधली आणि आता वहीत असं आहे: 'द डीजे प्लेज व्होसिफरसली. द डॉग्ज बार्क सोनोरसली. द बँड प्लेज साउंडली एव्हरी नाइट.' वाचताना खटकतंय, पण काय ते मला सांगता येत नाही. मी मराठी माध्यमाची. जाणकारांनी मदत करा, शुक्रवारी वही द्यायची आहे.

मिसळ_प्रेमी_४२२
ताई, कुत्री सोनोरसली भुंकत असतील तर त्यांना कालिदास कलामंदिरात तारीख मिळवून द्या. सोनोरस म्हणजे भरदार, घुमणारा, ऐकत राहावासा आवाज. भीमसेनजींचा खर्ज म्हणा हवं तर.

खडू_फळा
मी माध्यमिकला इंग्रजी शिकवतो, नाशिकरोडला. पोरीने यादी शोधली यात वाईट काही नाही. गोंधळ एवढाच की तसल्या यादीत सगळे शब्द एका रांगेत, एकाच अर्थाचे असल्यासारखे छापलेले असतात.

'व्होसिफरसली'ला माणूस लागतो. मोर्चातले लोक, सभागृहातले विरोधक, वर्गणीवरून भांडणारे सोसायटीचे सभासद. आग्रहाने, तावातावाने, तोंडाने बोललेलं असेल तिथे तो शब्द. स्पीकरला मत नसतं, म्हणून डीजे व्होसिफरसली वाजत नाही.

आता मुळातलं 'लाउडली' घ्या. त्याच्या शेजारचा साधा शब्द 'नॉइझिली' आहे आणि पोरं दोन्ही एकच समजतात. लाउडली म्हणजे आवाज मोठा, बस. तो छान असेल, वाईट असेल. नॉइझिली म्हणजे काम करताना नको तो आवाज होतोय. तर्री जिभेला झोंबत असताना माणूस भुरके मारत मिसळ खातो, तो नॉइझिली खातो. 'ही एट लाउडली' म्हटलं तरी चालतं, पण त्यात आवाज मोठा एवढंच येतं. मधली सुट्टी संपल्यावर माझा वर्ग बाक सरकवत बसतो तो नॉइझिली बसतो. पण प्रतिज्ञा म्हणतात ती लाउडली. म्हणजे ताई, तुमची केटरिंगची पोरं पातेली भरतात ती नॉइझिली. तो एक शब्द तिथे चपखल बसला.

आणि स्पेलिंग सांगा तिला, नॉइझीचा वाय जाऊन तिथे आय येतो. दर वर्षी निम्मा वर्ग इथे चुकतो.

पाथर्डीची_ताई
सर, मनापासून धन्यवाद. कळलं. मग डीजेला काय? आणि 'सतत'ला तिने कंटिन्युअसली लिहिलंय, ते तरी बरोबर ना?

सातपूर_शिफ्ट
सतत वर मी सांगतो, कारण आमच्या कंपनीतल्या रिपोर्टात हा घोळ रोज होतो. कॉम्प्रेसर शिफ्टभर बंदच होत नाही, तो कंटिन्युअसली चालतो. पॉवर प्रेस धाड करून पडतो, थांबतो, पुन्हा पडतो, तो कंटिन्युअली. 'स' काढला की मध्ये खंड आला. मराठीत दोन्हीला आपण सतत म्हणून मोकळे होतो. कुत्री दम घ्यायला थांबत असतील तर कंटिन्युअली. जनरेटर असेल तर कंटिन्युअसली.

हल्ली काटेकोर कोण बघतंय म्हणा. पण मेन्टेनन्सवाल्याला फरक पडतो. खंड पडत असेल तर बिघाड वेगळा.

ढोल_पथक_पंचवटी
डीजेला डेफनिंगली लिहा. कान बधिर करणारा. पण एक विनंती, ढोलाला कुणी डेफनिंगली लिहू नका बुवा. नाशिक ढोल देशभर सुपारी घेऊन जातो. त्याला 'थंडरसली'. ढगासारखा गडगडतो तो.

नको_तो_आवाज
अहो, ज्याच्या खिडकीखाली पथकाचा सराव चालतो त्याला विचारा थंडरसली की डेफनिंगली. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने रोज संध्याकाळी. माझी आई हृदयरोगी आहे.

ढोल_पथक_पंचवटी
दादा, तुमच्या आईंबद्दल वाईट वाटतं, खरंच. आम्ही सराव गोदाकाठी मोकळ्यावर करतो, वस्तीत नाही. सगळ्या पथकांचं मी सांगू शकत नाही.

खडू_फळा
तुमच्या भांडणातच उत्तर आहे, म्हणून मधे पडतो. इंग्रजीतले हे शब्द आवाज मोजत नाहीत, ऐकणाऱ्याचं मत सांगतात. डेसिबल तेवढेच, पण वाजवणारा थंडरसली म्हणेल, शेजारी डेफनिंगली म्हणेल आणि ज्याला पथकातली पोरंच आवडत नाहीत तो 'रॉकसली' म्हणेल. रॉकसमध्ये घशाची खरखर आणि बेशिस्त दोन्ही आहे. दारू पिऊन वरातीत ओरडणारे रॉकसली ओरडतात. मैदानात दंगा करणारी पोरं मात्र 'बॉइस्टरसली' खेळतात, त्यात राग नाही, कौतुकच आहे थोडं. तक्रारीच्या पत्रात बॉइस्टरसली लिहिलं तर निरीक्षक म्हणतील, मग खेळू द्या की.

'श्रिली' तेवढा जवळपास मोजमापाचा शब्द आहे. बारीक, चिरका, वरच्या पट्टीतला आवाज. शिट्टी, सनई बेसूर झाली तर, रिव्हर्सला टाकलेल्या गाडीचा भोंगा. डीजेचा त्रास बरोबर याच्या उलटा असतो, खालचा आवाज छातीत बसतो. तिथे श्रिली चालणार नाही.

मुद्रितशोधक
चर्चा चांगली चाललीय, पण मला मुळातच क्रियाविशेषणाच्या मागे धावणं पटत नाही. आयुष्यभर अनुवादाची प्रुफं तपासली, त्यावरून सांगतो.

मराठीत आवाज क्रियापदाला बाहेरून चिकटतो. दार धाडकन लावलं. शटर खडाखडा ओढलं. पातेली दणादणा आदळली. खुर्ची करकरत सरकवली. लावणे, ओढणे, आदळणे, सरकवणे ही क्रियापदं जवळजवळ मुकी, आवाजाचं काम धाडकन आणि खडाखडा करतात. आपल्याकडे असे शब्द इतके आहेत की आजीबाई बसल्या बसल्या नवे तयार करतात. म्हणून मराठी डोक्याचं मूल इंग्रजी लिहिताना क्रियापद साधं घेतं आणि धाडकनच्या जागी टाकायला एल-वाय लागलेला शब्द शोधत बसतं. तिथे तो मिळत नाही, कारण इंग्रजीने आवाज क्रियापदातच कोंबलाय. दार धाडकन लावणं म्हणजे नुसतं 'स्लॅम'. शटर 'रॅटल' होतं. ब्रेक 'स्क्रीच' होतात. भांडी 'क्लॅटर' होतात. जड बास 'थंप' होतो, स्पीकर 'ब्लेअर' होतो, जनरेटर 'ड्रोन' होतो, हॉर्न 'ब्लेअर' किंवा 'हाँक' होतो. लहान कुत्रं 'यॅप' करतं, मोठं 'बार्क'.

'शी स्लॅम्ड द डोअर लाउडली' असं लिहिलेलं मी शेकडो वेळा खोडलंय. स्लॅम कधी हळू होतं का?

तेव्हा ताई, लेकीला सांगा, 'प्लेज' खोड आणि 'ब्लेअर्स' लिही. पुढे क्रियाविशेषण लागणारच नाही.

सेमी_इंग्लिश_आई
सर, वाक्य चांगलं होईल हो, पण बाईंनी क्रियाविशेषणंच मागितलीत. आमच्याकडे पण हेच. 'हाऊ मेनी अ‍ॅडव्हर्ब्ज हॅव यू युज्ड' असं विचारतात. मार्क त्यावर आहेत.

मुद्रितशोधक
मग बाईंचं समाधान होईल तेवढी दोन घालावीत. पण ब्लेअर, थंप, क्लॅटर शिकू द्या तिला. नववीनंतरही पत्रं लिहायची आहेत.

खडू_फळा
मुद्रितशोधकांशी ऐंशी टक्के सहमत. क्रियापद आवाजाचा प्रकार सांगतं, पण किती वेळ, कितीदा, कितपत ते सांगत नाही. 'द स्पीकर्स ब्लेअर्ड' इथपर्यंत ठीक, पण ते 'रिलेंटलेसली' होतं हे कोण सांगणार? दया-माया न दाखवता, उसंत न देता. तिथे क्रियाविशेषण खरं कामाला येतं. शिक्षक म्हणून मी अशा वाक्याला पूर्ण मार्क देईन. स्लॅम लाउडलीला देणार नाही.

जुना_वाडा_सराफबाजार
नमस्कार. वय झालंय, मुद्द्याला जरा उशिरा येतोय. लेकीच्या 'साउंडली'कडे कुणाचंच लक्ष गेलं नाही का? साउंडलीचा आवाजाशी काडीचा संबंध नाही. गाढ झोपलेल्याला 'साउंडली अस्लीप' म्हणतात. क्रिकेटमध्ये साफ हरलात तर 'साउंडली बीटन'. इंग्रजीत साउंड नावाचे दोन वेगळे शब्द एका स्पेलिंगात येऊन बसलेत. एक लॅटिन सोनसकडून आलेला, तो ध्वनी. दुसरा जर्मनिक, निरोगी या अर्थाचा. आजचे जर्मन लोक गेझुंट म्हणतात त्याचाच भाऊबंद. साउंडली या दुसऱ्या घरातला. म्हणजे मुलीने लिहिलंय की बँड रोज रात्री गाढ वाजतो.

असाच दुसरा खड्डा 'नॉइसम'. दिसायला नॉइझचा सख्खा भाऊ, पण अर्थ घाणेरड्या वासाचा, किळस आणणारा. तो 'अनॉय'च्या कुळातला. नाल्याला नॉइसम म्हणा, डीजेला नको.

तिसरा 'अलाउड'. आपण शाळेत 'मोठ्याने वाचा' म्हणतो त्यात दोन गोष्टी असतात, मनात वाचू नका आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाऊ द्या. अलाउडमध्ये फक्त पहिली. आजारी माणसाच्या उशाशी बसून हळू आवाजात पोथी वाचली तरी ती अलाउडच. भोंग्यावर वाचली तर लाउडली. (सार्वजनिक वाचनालयात अलाउड पण चालायचं नाही आणि लाउडली पण नाही. आमच्या वेळचे ग्रंथपाल नुसते चष्म्यावरून बघायचे.)

मिसळ_प्रेमी_४२२
काका, 'बँड रोज रात्री गाढ वाजतो' हे वाक्य मी वरातीच्या आमंत्रणावर छापणार आहे.

सेमी_इंग्लिश_आई
खडू_फळा सर, एक शंका. मुलाने 'द म्युझिक साउंड्स लाउडली' लिहिलं, ते कापलं. पण 'द हॉर्न साउंडेड लाउडली' पुस्तकात आहे. एकाला फुली, दुसऱ्याला बरोबर, हे कसं?

खडू_फळा
पहिल्या वाक्यात साउंड म्हणजे ऐकायला अमुक वाटणं. इज, सीम, लुक यांच्या पंगतीतलं क्रियापद. तिथे संगीताचा गुण सांगायचा आहे, म्हणून विशेषण, 'साउंड्स लाउड'. दुसऱ्यात हॉर्नने खरंच काम केलंय, तो वाजलाय. कसा वाजला, तर लाउडली. मुलाला एवढं सांगा, साउंडच्या जागी 'इज' टाकून बघ. वाक्य टिकलं तर एल-वाय नको.

बोलताना इंग्रज लोक क्रियाविशेषण म्हणूनही नुसतं लाउड वापरतात. 'डोन्ट टॉक सो लाउड', 'लाउड अँड क्लिअर'. त्यात चूक नाही. वहीत मात्र लाउडली लिहिलेलं बरं, तपासणारे सगळे सारखे नसतात.

नको_तो_आवाज
मोठ्या आवाजाचंच चाललंय सगळं. मला विचाराल तर खरा त्रास बारक्या आवाजाचा. वरच्या मजल्यावरचा गळका नळ. बसमध्ये शेजारचा इअरफोन न लावता रील बघतो, पंधरा सेकंदांचं तेच गाणं पुन्हा पुन्हा. पंखा दर फेऱ्याला एकदा कुईं करतो आणि आपण पुढच्या कुईंची वाट बघत जागे राहतो. याला लाउडली म्हणताच येत नाही. याला काय?

मुद्रितशोधक
फार चांगला प्रश्न. डेसिबलमीटरवर हे आवाज दिसतच नाहीत आणि माणूस मात्र वेडा होतो. इंग्रजीत नेमका तोच शब्द आहे, 'मॅडनिंगली'. गळक्या नळाला 'द टॅप ड्रिप्ड मॅडनिंगली' लिहा. पंखा 'स्क्वीक' करतो, डास 'व्हाइन' करतो. 'इन्सेसंटली' म्हणजे खंड न पडता, त्यात वैताग आपोआप येतो. 'परसिस्टंटली' म्हणजे चिवटपणे, दाराची बेल कुणी दाबत सुटलं तर. 'ग्रेटिंगली' म्हणजे कानावर किसणी फिरवल्यासारखं, फळ्यावर नख ओढल्यासारखं.

आणि 'अनॉइंगली' आहेच, पण तो कुठे बसतो त्यावर अर्थ फिरतो. 'द फॅन इज अनॉइंगली लाउड' म्हणजे वैताग येईल इतका मोठा. वाक्याच्या सुरुवातीला 'अनॉइंगली,' लिहून स्वल्पविराम दिला तर वैताग आवाजाचा राहत नाही, अख्ख्या घटनेचा होतो. 'अनॉइंगली, द म्युझिक स्टॉप्ड' म्हणजे छान चाललं होतं, बंद झालं, वैताग. स्वल्पविराम विसरू नका.

नको_तो_आवाज
मॅडनिंगली. हा शब्द मी आजपासून घेतला.

जिल्हा_न्यायालय_परिसर
वकिली करतो. इंग्रजी तुम्ही बघताय, मी पत्रातल्या मजकुराचं सांगतो. खरी तक्रार करायची असेल तर मराठीतच करा, पोलीस ठाण्याचा कारभार मराठीत चालतो. लॉन्स आत्ता वाजत असेल तर अर्ज लिहीत बसू नका, ११२ लावा.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. औद्योगिक भागात ७५ आणि ७०. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरात शांतता क्षेत्र जाहीर होऊ शकतं, तिथे ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. घरच्या लग्नाला ही सूट लागू होत नाही, हे लॉन्सवाल्यांना आणि पाहुण्यांना कुणीतरी सांगायला हवं.

४५ आणि ५५ मध्ये दहाचाच फरक दिसतो. पण डेसिबलची पट्टी लॉगची आहे, दहा वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट झाली. कानाला साधारण दुप्पट वाटतो.

पत्रात तारीख, वेळ, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, खिडकीपासून स्पीकर किती अंतरावर आणि घरात कोण आजारी किंवा परीक्षेचं, एवढं लिहा. 'डेफनिंगली' लिहिलं तर समोरचा म्हणतो की तुम्हाला तसं वाटलं. 'रात्री ११:४० पर्यंत' लिहिलं की त्याला उत्तर द्यावं लागतं.

सातपूर_शिफ्ट
वकीलसाहेब, हे नववीच्या पोरीच्या पत्रात पण घाला की. बाई खूश होतील.

पाथर्डीची_ताई
सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर तिच्याबरोबर बसले आणि हा धागा वाचून दाखवला. मधला परिच्छेद तिने पुन्हा लिहिला, जसाच्या तसा देते:

'ऑन सॅटरडे, स्पीकर्स अ‍ॅट द मॅरेज लॉन बिहाइंड अवर बिल्डिंग ब्लेअर्ड रिलेंटलेसली फ्रॉम सेव्हन इन द इव्हनिंग टिल ट्वेंटी टू ट्वेल्व्ह. द बास थंप्ड सो हार्ड दॅट अवर विंडो पेन्स रॅटल्ड. आफ्टर द म्युझिक स्टॉप्ड, वर्कर्स नॉइझिली लोडेड वेसल्स इन्टू अ टेम्पो अँड स्ट्रीट डॉग्ज बार्क्ड कंटिन्युअली अंटिल वन. माय ग्रँडफादर इज अ हार्ट पेशंट.'

आजोबांचं तिने स्वतःहून घातलं. त्यांना खरंच त्रास होतो. तपासून सांगा.

खडू_फळा
उत्तम. रिलेंटलेसली, नॉइझिली, कंटिन्युअली अशी तीन क्रियाविशेषणं आली आणि तिन्ही आपापल्या जागी आहेत. 'हार्ड' हे चौथं, एल-वाय नसलेलं. ते बाईंना मुद्दाम दाखवू द्या. तिथे कुणी 'हार्डली' सुचवलं तर अजिबात ऐकू नका, त्याचा अर्थ 'जेमतेम' होतो आणि तक्रार उलटी पडते. 'वेसल्स' भारतीय इंग्रजीत चालतं, तरी 'कुकिंग पॉट्स' जास्त स्पष्ट. शेवटी मागणी हवी, रात्री १० नंतर स्पीकर बंद व्हावेत अशी. ती साध्या शब्दांत लिहायची, तिथे एकही क्रियाविशेषण नको.

मुद्रितशोधक
पातेली 'लोडेड' ऐवजी 'बँग्ड' केली तर नॉइझिलीही गळेल. पण राहू द्या, बाईंना हवंय.

नको_तो_आवाज
पाथर्डीची_ताई, वहीतलं झालं की हाच परिच्छेद मराठीत करून सोसायटीच्या लेटरहेडवर द्या. सह्या किती घरांच्या मिळतील?

पाथर्डीची_ताई
विंगमधल्या निम्म्या देतील. बाकीच्यांच्या घरची लग्नं त्याच लॉन्सवर ठरलेली आहेत.

सेमी_इंग्लिश_आई
धागा वर काढतेय. आमच्याकडे पुढचा निबंध 'अ फेस्टिव्हल इन माय सिटी' आहे आणि मुलाला रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा मोठा हौद) लिहायची आहे. पेशव्यांच्या काळापासूनच्या रहाडी, रंगाचं पाणी, वरून धपाधप उड्या. धपाधपला काय लिहू?

मुद्रितशोधक
एक उडी 'स्प्लॅश'. माणूस जाडजूड असेल तर 'फ्लॉप'. एकामागून एक उड्या असतील तर 'वन आफ्टर अनदर' जोडा. लाउडली नको.